केबलवाल्याच्या हातात घराची किल्ली

महूला बदली होऊन तिसरा दिवस होता. निम्म्या काळ्या ट्रंका अजून उघडल्या नव्हत्या, गॅस आला नव्हता, पण मुलीचा एकच प्रश्न: "बाबा, नेट कधी येणार?" मी केबलवाल्याला फोन केला आणि ऑफिसला गेलो. दुपारी त्याचा पोरगा आला. खांबावरून वायर ओढली, खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि ती जिथवर पुरली तिथे, म्हणजे दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, राऊटर ठेवला. मग बायकोला म्हणाला, "मॅडम, पासवर्ड साहब का मोबाइल नंबर रख दूँ? याद रहेगा." ती म्हणाली, ठेव. वीस मिनिटांत काम संपलं. संध्याकाळी घरी आलो तर नेट चालू. मी खूश.

पुढचे चार महिने मी त्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग रोज संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास अडकायला लागला. मी केबलवाल्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "साहब, लाइन ठीक है. आपके घर में लोड ज़्यादा है." घरात माणसं तीन, कसला लोड? चिडून राऊटर उलटा केला, खालच्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचला आणि लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ टाइप केलं. नाव विचारलं, 'अ‍ॅडमिन' लिहिलं. पासवर्ड विचारला, तिथेही 'अ‍ॅडमिन' लिहिलं. दार उघडलं.

आत जोडलेल्या उपकरणांची यादी होती. एकूण १४. आमची मोजली तर ६. उरलेली ८ कुणाची, हे आजपर्यंत मला पूर्ण कळलेलं नाही. माझा मोबाइल नंबर दूधवाल्याकडे आहे, धोब्याकडे आहे, गॅस एजन्सीत आहे, स्टेशनच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. तोच घराचा पासवर्ड ठेवायचा म्हणजे किल्ली दारालाच टांगून ठेवायची.

त्याहून लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. त्या पोराने मोठ्या आदराने आमच्या वाय-फायला नाव दिलं होतं: माझा हुद्दा, माझं आडनाव आणि बंगल्याचा नंबर. मी सोशल मीडियावर गणवेशातला फोटो टाकत नाही, पोस्टिंग लिहीत नाही, जवानांना त्यावर तासभर व्याख्यान देतो. आणि माझाच डबा चार महिने रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक फोनला रात्रंदिवस सांगत होता की या घरात अमुक हुद्द्याचा अमुक अधिकारी राहतो.

हे लिहितोय ते केबलवाल्याला शिव्या घालण्यासाठी नाही. माझं भांडण आपल्याशी आहे, म्हणजे फौजी घरांशी, निवृत्तांशी आणि गावाकडच्या आपल्या माणसांशी. घराच्या कुलपाची किल्ली आपण अनोळखी पोराच्या हाती देणार नाही. वाय-फायची देतो, आणि वर त्याला चहा पाजतो.

"हे त्याचंच काम आहे ना?"

नाही. त्याचं काम तुमच्या दारापर्यंत नेट आणण्याचं. दिवसाला सात-आठ घरं करायची असतात. तुमच्या फोनवर एक व्हिडिओ चालला की त्याचं काम संपलं. पासवर्ड सोपा ठेवण्यात त्याचा फायदाच आहे, कारण अवघड ठेवला तर आठवड्याने फोन येतो, "भैया, पासवर्ड भूल गए." म्हणून तो गल्लीभर एकच पद्धत वापरतो: मोबाइल नंबर, किंवा १ ते ८ आकडे. एका घराचा पासवर्ड कळला की गल्लीचा कळला.

चौकीवर रात्री संत्री "थम, कौन आता है?" विचारतो. त्या रात्रीचा पासवर्ड आला नाही तर समोर सीओ साहेब असले तरी तो पुढे येऊ देत नाही. तो पासवर्ड रोज बदलतो. खडकवासल्यापासून हे आपल्या हाडात भरवलेलं आहे. आणि घरात? कारखान्यातून आलेला 'अ‍ॅडमिन' तसाच. तो शब्द कंपनीच्या पुस्तिकेत छापलेला असतो, इंटरनेटवर याद्या असतात. तो पासवर्डच नव्हे.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य मी मेसमध्ये सर्वांत जास्त ऐकलं आहे. त्यांना मी २००८ ची आठवण करून देतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायवरून गेला होता. घरातल्या माणसाने तो पाठवला नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं, आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं. पण तपास करणारे आधी कुणाच्या दारी पोहोचले? ज्याच्या नावावर कनेक्शन होतं त्याच्या. त्याच वर्षी असे आणखी ईमेल मुंबईतल्या दुसऱ्या लोकांच्या वाय-फायवरून गेले. शेवटी २००९ मध्ये दूरसंचार खात्याला वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढाव्या लागल्या.

तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसेल. पण बिल तुमच्या नावावर आहे. त्या तारेतून जे बाहेर जातं ते पहिल्या चौकशीत तुमचंच असतं.

दुसरं उदाहरण २०१६ चं. 'मिराई' नावाचा एक प्रोग्राम जगभर पसरला. त्यात फारशी हुशारी नव्हती. त्याच्याकडे कारखान्यातल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती. ती घेऊन तो घराघरांतले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर ठोठावत फिरला. लाखो उघडी दारं सापडली. ती सगळी यंत्रं एकत्र करून ऑक्टोबर २०१६ मध्ये मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडण्यात आल्या. ज्यांच्या घरातली ती यंत्रं होती त्यांना पत्ताही लागला नाही. त्यांच्याकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं.

आता आपल्या निवृत्त मंडळींचं बघा. पेन्शन 'स्पर्श' पोर्टलवर आली. दर नोव्हेंबरला जीवन प्रमाणपत्र द्यायचं, तेही घरबसल्या ऑनलाइन देता येतं. बँक मोबाइलवर आहे. ज्याने राऊटरच्या आत शिरकाव केला, तो राऊटरचं पत्त्यांचं पुस्तक बदलू शकतो. तुम्ही बरोबर पत्ता टाइप करता आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर पोहोचता. ब्राउझर इशारा देतो, हे खरं. पण "पुढे जा" दाबायची सवय किती जणांना आहे ते मला माहीत आहे. माझे एक जुने सुभेदार साहेब साताऱ्याकडे असतात. सव्वीस वर्षं नोकरी केली, दोनदा सियाचीन. फोनवर मला म्हणाले, "साहेब, ते नातू बघतो. मला त्यातलं कळत नाही." नातू बारा वर्षांचा. सुभेदार साहेबांच्या पेन्शनचा पहारा बारा वर्षांच्या पोरावर, आणि त्याने पासवर्ड वर्गातल्या सगळ्या मित्रांना दिलेला.

"कळत नाही" हे कारण चालणार नाही

डोळ्यांवर पट्टी बांधून हत्यार खोलून जोडलेली माणसं आपण. नकाशा आणि होकायंत्र घेऊन काळोख्या रात्री दहा किलोमीटर चाललेली. त्या मानाने हे काम अर्ध्या तासाचं आहे. मी सिग्नलवाला नाही. एका रविवारी बसलो आणि शिकलो. तेच इथे सांगतो.

आधी वायर ओळखा. आपण सगळ्यालाच 'केबलचं नेट' म्हणतो, पण ते तीन तऱ्हेने येतं. टीव्हीची जाड गोल केबल असेल तर ती केबल मोडेमला जाते आणि मोडेममधून राऊटरला. टेलिफोनपेक्षा रुंद पिनेची आठ तारांची वायर असेल तर ती इमारतीच्या किंवा खांबावरच्या स्विचमधून येते आणि थेट राऊटरला लागते. बारीक काचेची तार असेल तर ती ऑपरेटरच्या फायबरच्या डब्यात जाते.

बाहेरून येणारी वायर राऊटरच्या 'वॅन' लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या खाचेतच गेली पाहिजे. शेजारच्या 'लॅन'च्या खाचेत खोचली तर तुमचा राऊटर त्या वायरीवरच्या इतर घरांनाही पत्ते वाटायला लागू शकतो. मग अख्ख्या लाइनचं नेट बंद, आणि कुणाला कळत नाही का.

आठ तारांच्या वायरीत एक खोड असते. १०० एमबीपीएसपर्यंत चारच तारा लागतात, म्हणून घाईतला पोरगा चारच जोडतो. तुम्ही २०० चे पैसे भरता आणि १०० च्या वर काही जात नाही. पिनेकडे डोळे घालून बघा, आठही रंग दिसले पाहिजेत. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे. आठने भागा, साडेबारा येतात. हा हिशेब माहीत नसल्यामुळे कितीतरी भांडणं फुकट होतात.

ऑपरेटरकडून दोन गोष्टी लेखी मागा: कनेक्शनचं लॉगिन नाव आणि त्याचा पासवर्ड. नाहीतर राऊटर बदलायला दर वेळी त्याचीच वाट बघावी लागते. काही जण तुमच्या पहिल्या यंत्राचा मॅक पत्ता आपल्याकडे बांधून ठेवतात. नवा राऊटर लावला की नेट येत नाही. फोन करून नवा पत्ता नोंदवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

ऑपरेटरने दिलेला डबा असेल तर तो बरेचदा म्हणतो, "बॉक्स हमारा है, एडमिन पासवर्ड नहीं मिलेगा." अशा डब्यातलं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड त्याला त्याच्या दुकानात बसून दिसू शकतो. वाद घालू नका. त्या डब्याचं वाय-फाय बंद करायला लावा आणि त्यामागे स्वतःचा राऊटर लावा. त्याचा डबा म्हणजे रस्ता. तुमचं फाटक तुमचं.

आता राऊटरच्या आत. पहिलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. दुसरं, वाय-फायचं नाव असं ठेवा की त्यातून हुद्दा, आडनाव, पलटण, बंगला काहीच कळणार नाही. आमच्या घराचं आता एका भाजीचं नाव आहे. तिसरं, सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए३ असेल तर ते, नसेल तर एईएसवालं डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी हे २००१ सालीच फोडलं गेलं. तुमच्या राऊटरला त्याच्या पुढचं काही येत नसेल तर तो भंगारात द्या. चौथं, पासवर्ड लांब ठेवा. चार-पाच मराठी शब्द एकमेकांशी संबंध नसलेले, इंग्रजी लिपीत सलग. घरच्यांच्या लक्षात राहतात आणि बाहेरच्याला सुचत नाहीत. पाचवं, बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद. तिचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो. हे २०११ पासून जगजाहीर आहे. सहावं, बाहेरून राऊटर चालवण्याची सोय बंद. सातवं, कंपनीचं नवं सॉफ्टवेअर आलं असेल तर चढवा. आठवं, पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वाय-फाय सुरू करा, आणि टीव्ही, कॅमेरे असली यंत्रंही त्यावरच टाका.

इथे एक सर्वज्ञ भेटतोच. तो म्हणतो, "मी नावच लपवलंय" किंवा "मी मॅक पत्त्यांची यादी लावलीय." दोन्ही म्हणजे कुंपणाच्या जागी रांगोळी. लपवलेलं नाव तुमचा फोन जोडला जाताना हवेत येतंच, आणि मॅक पत्ता हवेतून वाचून नक्कल करता येतो. खरा पहारा लांब पासवर्डचाच.

शेवटी जागा. कँटोनमेंटचे जुने बंगले इंग्रजांनी वाय-फायसाठी बांधलेले नाहीत. दीड-दोन फूट जाडीच्या विटांच्या भिंती आहेत. चपलांच्या कपाटावरचा राऊटर निम्मं नेट रस्त्याला वाटतो आणि मागच्या खोलीत काहीच पोहोचत नाही. तो घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, फ्रिज, मोठा आरसा आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून लांब हवा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण गर्दीत अडकतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतं. २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनेल घ्या. मागच्या खोलीसाठी रिपीटरवर पैसे घालण्याआधी तिथवर एक वायर ओढा आणि जुना राऊटर तिथे लावा. आम्ही पंधरा मीटर वायर ओढली. क्लास अडकणं त्या दिवसापासून बंद झालं.

आणि एवढं सगळं करूनही ऑफिसचं काम घरच्या नेटवर करायचं नाही. त्यासाठी ऑफिस आहे.

क्लिअरन्सच्या कागदावर नसलेली वस्तू

दर दोन-तीन वर्षांनी आपण घर सोडतो. मेस, लायब्ररी, कँटीन, एमईएस, सगळ्यांच्या सह्या गोळा करतो. एक खुर्ची कमी भरली तर हिशेब द्यावा लागतो. राऊटरबद्दल कुणी विचारत नाही. तो स्टेशनच्या ग्रुपवर पाचशे रुपयांना विकला जातो, आत तुमचं कनेक्शनचं लॉगिन आणि वाय-फायचा पासवर्ड जसाच्या तसा. मागच्या बाजूचं बारीक छिद्र, टाचणी, दहा सेकंद दाबून धरा. सगळं पुसलं जातं. एवढंही आपण करत नाही. कनेक्शन बंद केल्याची पावती घ्यायलाही विसरतो, आणि आपल्या नावाची लाइन पुढचा माणूस वापरत राहतो.

माझी दुसरी चूक

इथवर वाचून तुम्हाला वाटेल साहेबांनी सगळं निस्तरलं. नाही. मी रविवारी सगळं लावलं, सगळे पासवर्ड बदलले, छाती फुगवून चहा प्यायलो आणि पंधरवड्याने दीड महिन्यासाठी बाहेर गेलो, जिथे फोन आठवड्यातून एकदा लागायचा. दुसऱ्याच आठवड्यात वीज पडली आणि राऊटर जळाला. बायकोने नवा आणला. पण कनेक्शनचं लॉगिन माझ्या डोक्यात. ऑपरेटर म्हणाला, "साहब के नंबर पे ओटीपी जाएगा." साहेबांचा नंबर बंद. मुलीच्या परीक्षा तोंडावर, गावाकडे सासूबाई आजारी, रोज व्हिडिओ कॉलवर डॉक्टर. नऊ दिवस घरात नेट नव्हतं. पहिल्या वेळी मी किल्ली अनोळखी पोराला दिली होती. दुसऱ्या वेळी खिशात घालून घेऊन गेलो.

आपल्या घरांत हे सर्रास चालतं. वर्षातले कितीतरी महिने घर ती एकटी चालवते, आणि कनेक्शन, पासवर्ड, ओटीपी सगळं त्याच्या नावावर. "सुट्टीवर आलो की बघतो." निवृत्तांच्या घरी तर याहून वाईट. माणूस गेल्यावर कुठल्या पोर्टलचा कुठला पासवर्ड, हे शोधायला विधवा बाईने कुणाकडे जायचं? ते कळत नाही म्हणून नातेवाइकाच्या हाती सगळं सोपवलेली घरं मी पाहिली आहेत. त्यातली काही फसली.

परत आल्यावर आम्ही एक साधी वही केली. त्यात कनेक्शन नंबर, लॉगिन, राऊटरचा पासवर्ड, वाय-फायचा पासवर्ड, ऑपरेटरचा फोन. कागदावर पासवर्ड लिहू नये असं शिकवतात. ऑफिसात ते बरोबरच आहे. घरात कपाटातली वही चोराला सापडण्याची भीती इंटरनेटवरच्या चोरापेक्षा फार कमी. कनेक्शन आता तिच्या नावावर आहे. ओटीपी तिच्या फोनवर येतो. राऊटरचा पासवर्ड तिने स्वतः बदलला आणि मला सांगायला दोन दिवस लावले.

मागच्या आठवड्यात केबलवाल्याचा तोच पोरगा शेजारच्या बंगल्यात नवी लाइन टाकायला आला. दारात येऊन म्हणाला, "मॅडम, ज़रा आपका वाय-फाय पासवर्ड देना, फ़ोन पे कुछ चेक करना है."

तिने त्याला गेस्टचा दिला. संध्याकाळी तो बदलला, वहीत आधीचा खोडून नवा लिहिला, आणि मग मला विचारलं, "शेजारच्या मॅडमना वाय-फायचं कोण सांगणार? तू की मी?"

तिनेच सांगितलं. तुम्हीही आज रात्री जेवणं झाल्यावर राऊटर उलटा करून खालची चिठ्ठी वाचा, आणि शेजारी बायकोला बसवा. गावी आईवडील असतील तर पुढच्या सुट्टीत पहिला दिवस त्यांच्या राऊटरला द्या.